साथ ओसरली तरी शब्द बोचतात

मे 2025 मध्ये मुंबईत कोरोनाचे रुग्ण पुन्हा आढळू लागले, तेव्हा परळला माझ्या दादाच्या सोसायटीत एका सूचनेवरून वाद पेटला. खोकला-ताप असणाऱ्यांनी मास्क लावावा आणि ज्येष्ठांच्या घरी जाणे टाळावे, एवढाच तिचा मजकूर. पण वर ठळक अक्षरांत ‘कोरोना’ असे लिहिले होते. काहींचे म्हणणे, तो शब्द काढून ‘सर्दी-ताप’ लिहा, उगीच घबराट नको. उरलेल्यांचे म्हणणे, आता ती साधी सर्दीच उरली आहे, मग शब्दाचा एवढा बाऊ कशाला? दादाने फोनवर हे सारे सांगितले आणि इथे लंडनमध्ये मला दोन्ही बाजू पटल्या नाहीत. शब्द दडवल्याने भीती जात नाही, उलट काहीतरी लपवले जात आहे अशी शंका येते. आणि ज्या घरातून माणूस गेला, त्या घराला ‘बाऊ करू नका’ असे सांगण्याचा अधिकार शेजाऱ्याला नाही. एकच शब्द प्रत्येकाने वेगवेगळ्या प्रसंगी, वेगवेगळ्या तोंडून ऐकलेला असतो. त्याची धार त्या प्रसंगातून येते.

शब्दांचा हा भावनिक भार मानसशास्त्रज्ञ मोजतात. एखादा शब्द किती सुखद वाटतो, किती अस्वस्थ करतो, याला लोकांकडून गुण घेतले जातात; 2013 मध्ये इंग्रजीतील सुमारे 14 हजार शब्दांची अशी यादी प्रसिद्ध झाली. साथीपूर्वीची मोजमापे हाताशी असल्याने नंतरची त्यांच्याशी ताडून पाहता येतात. दुसऱ्या एका चाचणीत रंगीत शाईतल्या शब्दाचा फक्त रंग सांगायचा असतो, आणि शब्द आपल्या काळजीचा असेल तर तेवढेही सांगायला वेळ लागतो, कारण लक्ष अर्थाकडे ओढले जाते. परदेशात राहणाऱ्यांना आणखी एक निष्कर्ष जवळचा वाटेल. 2003 मध्ये बॉस्टनमधील संशोधकांनी तुर्की मातृभाषेच्या आणि इंग्रजी नंतर शिकलेल्या लोकांच्या त्वचेवरील प्रतिसाद, म्हणजे भावना उसळताच येणारा सूक्ष्म घाम, मोजला, तेव्हा लहानपणी ऐकलेली दटावणी इंग्रजीपेक्षा मातृभाषेत अधिक झोंबते, असे दिसले.

साथीत आमच्या घरी मात्र वेगळेच घडले. एप्रिल 2021 मध्ये मुलुंडची मावशी आजारी पडली. वहिनी कुटुंबाच्या ग्रुपवर ऑक्सिमीटरवरचा आकडा टाकत असे. सोबत एक शब्दही नसे. 96, मग 94, रात्री 91. पॉझिटिव्ह, सॅच्युरेशन, बेड, व्हेंटिलेटर, रेमडेसिविर, यांतला एकही शब्द आम्हाला आईने शिकवलेला नव्हता, तरी मावशी गेल्यापासून सर्वांत खोल लागणारे शब्द हेच आहेत. ऑफिसात कामाबद्दल ‘पॉझिटिव्ह’ अभिप्राय मिळाला तर काही वाटत नाही. तोच शब्द दादाच्या आवाजात कानावर पडला की छातीत धस्स होते.

म्हणूनच मायदेशातील बातम्यांची भाषा मला फार अस्वस्थ करते. ‘शिरकाव’, ‘विळखा’, ‘थैमान’, ‘कहर’ हे शब्द सवयीने मथळ्यांत येतात. ‘वस्तीत कोरोनाचा शिरकाव’ असे छापले की चाळीतला प्रत्येक जण विचारतो, कोणाच्या घरातून? आजारी माणूस क्षणात गुन्हेगार ठरतो. मार्च 2020 मध्ये घरी विलगीकरणात राहणाऱ्यांच्या डाव्या हातावर शिक्का मारला जाई आणि त्यावर मुंबईकरांचे रक्षण केल्याचा अभिमान व्यक्त केलेला असे. पण तसा शिक्का असलेल्या काही प्रवाशांना पालघरला रेल्वेतून उतरवण्यात आले. छापलेला शब्द अभिमानाचा होता, पाहणाऱ्याने वाचला तो धोका.

मुंबईला हे नवे नाही. 1896 च्या प्लेगात रुग्णांना ऑर्थर रोडच्या रुग्णालयात नेऊ लागले आणि ऑक्टोबरमध्ये गिरणी कामगारांच्या जमावाने त्या रुग्णालयावर हल्ला केला. तिथे नेलेला परत येत नाही, अशी धास्ती होती. तेच आजचे कस्तुरबा रुग्णालय, आणि 2020 मध्ये शहरातील पहिले कोरोना रुग्णही तिथेच दाखल झाले.

ब्रिटनमध्ये सारे शहाणपणाने झाले, असे मी म्हणणार नाही. मे 2020 मध्ये ‘घरी राहा’ सोडून ‘सावध राहा’ असे घोषवाक्य आले. सावध म्हणजे नेमके काय, हा गोंधळ इतका झाला की स्कॉटलंड आणि वेल्स यांनी जुनेच वाक्य चालू ठेवले. परंतु पार्लमेंटसमोर, थेम्सच्या काठावरील भिंतीवर मृतांच्या आप्तांनी दोन लाखांहून अधिक लाल हृदये रंगवली आहेत आणि अनेकांत हाताने नावे लिहिली आहेत. कोरोनाकाळाच्या शासकीय चौकशीनेही सामान्य नागरिकांचे अनुभव मागवून घेतले. ज्यांना अंत्यदर्शनही मिळाले नाही, त्यांना ‘कोरोना’ हा शब्द मोठ्याने उच्चारण्याची जागा मिळाली, आणि मुंबईतील माझ्या माणसांना ती मिळालेली नाही, याचे मला वाईट वाटते.

तरीही, बोलावे कसे, हे मुंबईकडूनच शिकावे. धारावीत 1 एप्रिल 2020 रोजी पहिला रुग्ण आढळला आणि जुलैत जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी साथ आटोक्यात आणता येते याचे उदाहरण म्हणून धारावीचे नाव घेतले. माझी मामेबहीण तिथे आरोग्यसेविका म्हणून दारोदार फिरत होती. ‘तुम्हाला क्वारंटाइन करतो’ असे ती कधी म्हणत नसे. ‘आजी, शाळेत राहायची सोय आहे, दोन वेळचे जेवण आणि चहा मिळतो, डॉक्टर रोज येतात, चौदा दिवसांनी घरी,’ असे ती सांगे आणि आजी पिशवी भरू लागत.

पावसाळ्यात लेप्टो (साचलेल्या दूषित पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिस) आणि डेंग्यूच्या बातम्या येतील, तेव्हा संपादकांनी आणि महापालिकेने तिच्यासारखे बोलावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. रोगाचे नाव स्पष्ट लिहावे, कोणत्या वॉर्डात किती रुग्ण आहेत ते सांगावे, साचलेल्या पाण्यातून चालावे लागले तर 72 तासांच्या आत डॉक्टरांकडून लेप्टोचे प्रतिबंधक औषध घ्यावे आणि ते जवळच्या कोणत्या दवाखान्यात मिळेल, हे पहिल्या दोन ओळींत द्यावे. ‘कहर’ हा शब्द त्या मजकुरात कुठेही लागत नाही.