‘एमआरआयमध्ये गादी दिसली म्हणजे ऑपरेशन फसलं’?

मणक्याच्या गादीचं ऑपरेशन झालेल्यांसाठी एक मेसेज सगळीकडे फिरतोय. सांगणं असं: कंबर-पाय पुन्हा दुखले की लगेच एमआरआय करा, गादी सरकलेली दिसली तर ऑपरेशन फसलं, इंजेक्शनवाला एमआरआय मात्र नको, तो बिल फुगवायला असतो, आणि स्क्रू बसवले असतील तर एमआरआय होतच नाही.

‘लगेच करा.’ पहिल्या काही आठवड्यांत तिथे सूज, रक्त, भरत आलेली जखम असते. ठणठणीत झालेल्या माणसाच्या फिल्मवरही ते गादीसारखंच दिसतं. लघवी अडली, बैठकीचा भाग बधिर झाला, ताप आला किंवा चालताना चप्पल पायातून निसटायला लागली, तर मात्र त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

‘गादी दिसली म्हणजे फसलं.’ नेदरलँड्समध्ये सायटिकाच्या, म्हणजे नस दबून कंबरेतून पायात कळ जाणाऱ्या २८३ रुग्णांचा वर्षानंतर पुन्हा एमआरआय केला. काहींचं ऑपरेशन झालेलं, काहींचं नाही. निष्कर्ष २०१३ मध्ये छापून आले. बरं वाटणाऱ्यांपैकी ३५ टक्क्यांच्या फिल्मवर गादी सरकलेली होती, बरं न वाटणाऱ्यांपैकी ३३ टक्क्यांच्या. म्हणजे नुसती फिल्म बघून कोण कण्हतंय ते ओळखता येत नाही. रिपोर्टखाली ‘क्लिनिकली कोरिलेट करा’, म्हणजे रुग्णाच्या त्रासाशी ताडून बघा, असं लिहितात ते उगाच नाही.

इंजेक्शनचा मुद्दा सगळ्यात चुकीचा. ऑपरेशनच्या जागी व्रणाची ऊती वाढते, आणि साध्या एमआरआयवर ती आणि गादीचा नवा तुकडा कधीकधी सारखेच दिसतात. व्रणात रक्तवाहिन्या असतात, त्यामुळे गॅडोलिनियम, म्हणजे त्या इंजेक्शनमधलं औषध, दिल्यावर काही मिनिटांत तो उजळतो. तुकड्याला रक्तपुरवठा नसतो; तो आतून काळाच राहतो, फार तर कडा उजळते. अर्ध्या तासाने औषध तुकड्यातही झिरपतं, म्हणून फोटो लगेच काढतात. हा फरक का महत्त्वाचा? तुकडा नस दाबत असेल तर दुसऱ्या ऑपरेशनचा विचार करता येतो. नुसता व्रण असेल तर पुन्हा कापून फायदा क्वचितच होतो, उलट नवा व्रण तयार होतो. ज्या इंजेक्शनमुळे एखादं ऑपरेशन टळू शकतं, त्याला बिल फुगवणं म्हणायचं? प्रत्येकाला ते लागतंच असं नाही. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना सांगा.

स्क्रूंचं म्हणाल, तर ते बहुधा टायटॅनियमचे असतात. एमआरआय होतो, फक्त धातूजवळचं चित्र बिघडतं. मग सीटी स्कॅनची मदत घेतात.

आणि जाताना ऑपरेशनआधीच्या फिल्म घेऊन जा. माळ्यावर असल्या तरी शोधा. आधी काय होतं ते न बघता ‘नवीन’ काय ते कुणी सांगायचं?