‘मैफलीला कंडेन्सरच लागतो’ म्हणे!

परवा तोच मेसेज मला चौथ्यांदा आला, ह्यावेळी चक्क मावसभावाकडून, ज्याने माझे सगळे माइक स्वतः उचलून गाडीत टाकलेले आहेत. मेसेज साधारण असा: मैफल किंवा वाद्य रेकॉर्ड करायचं तर मोठ्या डायफ्रामचा (म्हणजे आवाजाने थरथरणाऱ्या पडद्याचा) कंडेन्सर, तो वीज लागणारा नाजूक माइक, तोच घ्या, तो वीस फुटांवरून आवाज ओढतो, स्टेजसमोर एक लावला की सगळं येतं, डायनॅमिक माइक (आत तारेची कॉइल असलेला, वीज न लागणारा) फक्त भाषणाला, त्याला चुकून फँटम (केबलमधूनच कंडेन्सरला जाणारी वीज) दिली तर जळतो, आणि खरखर राहिलीच तर नंतर एआयने निघते. नाशकात पाडवा पहाट जवळ आली की ओळखीत कोणीतरी गाणारं-वाजवणारं असतंच, आणि असलं वाचून लोक रात्री बारा वाजता ऑर्डर टाकून मोकळे होतात, म्हणून लिहायला बसलो.

आधी ते ‘ओढतो’ प्रकरण. माइक म्हणजे काय विहिरीवरचा रहाट आहे का ओढायला? जेवढा आवाज त्याच्यापर्यंत येतो तेवढाच तो घेतो. कंडेन्सरची सेन्सिटिव्हिटी जास्त असते हे खरंय, एसएम 58 हा गायकांच्या हातातला नेहमीचा डायनॅमिक माइक एका पास्कलला (आवाजाच्या दाबाचं माप) दोन मिलिव्होल्टच्या आतच देतो आणि बरेच कंडेन्सर त्याच्या दहापट देतात, पण त्याने होतं काय तर प्रीअँपला, म्हणजे माइकचा बारीक सिग्नल मोठा करणाऱ्या सर्किटला, गेन (वाढ) कमी लागतो, बस. एकाच पॅटर्नचे, म्हणजे त्याच बाजूंनी तेवढंच ऐकणारे, दोन्ही माइक एकाच जागी ठेवून लेव्हल सारखी केली तर गाणं किती आणि पंखा किती हे प्रमाण जवळपास तेच निघतं. ते बदलतं अंतराने. अंतर दुप्पट केलं की थेट आवाज 6 डेसिबलने पडतो, आणि हॉलमध्ये भिंतींवरून घुमून येणारा आवाज मात्र फारसा पडत नाही, म्हणजे मागे जाल तसं गाणं कमी आणि खोली जास्त.

हे मी पुस्तकात वाचून नाही, तोंडावर पडून शिकलो. गोदाकाठच्या एका जुन्या देवळाचा सभामंडप, दगडी खांब, दगडी छत, ओळखीतल्या एक ताई गाणार होत्या. मी हौसेने नवा मोठा कंडेन्सर बैठकीपासून बारा फुटांवर उंच स्टँडला लावला आणि ऐटीत बसलो. घरी येऊन ऐकलं तर तबला पलीकडच्या गल्लीत वाजतोय, तानपुरा जवळपास नाहीच, आणि विलंबित ख्याल चालू असताना स्टँडखाली बसलेल्या आजोबांनी चिवड्याची पुडी उघडली ती मात्र एकदम स्टुडिओ क्वालिटी. पुडी माइकपासून दोन-तीन फुटांवर होती, तबला बारा. ताईंना ते रेकॉर्डिंग मी अजून दिलेलं नाही.

आता ‘एक समोर लावला की सगळं येतं’. लहान खोली, स्पीकर नाहीत, ऐकणारे वीस-पंचवीस, तिथे येतं की छान, फक्त एक नाही तर छोट्या डायफ्रामची जोडी लावा. फ्रेंच रेडिओवाल्यांची ओआरटीएफ पद्धत सोपी आहे, दोन कार्डिऑइड (मुख्यतः समोरून ऐकणारे माइक) 17 सेंटिमीटरवर, मधला कोन 110 अंश, आणि बैठकीपासून पाच-सहा फूट. इथे छोटे का, तर मोठा डायफ्राम बाजूने येणाऱ्या आवाजाचा रंग बदलतो, छोटा त्यामानाने सरळ ठेवतो, आणि जोडीत अर्ध्याहून जास्त आवाज बाजूनेच येत असतो. संतूरच्या कलमांचा टक् आवाज मला छोट्यावरच आवडतो. मोठ्याची जमेची बाजू म्हणजे त्याचा स्वतःचा नॉइज कमी, शांत खोलीत एकट्या तानपुऱ्याला जरूर लावा, तिथे मेसेजवाल्याशी माझं भांडण नाही.

पण नाशकातल्या पिंपळपारासारखं उघड्यावर, पहाटे, पाखरं आणि दुचाक्या चालू, आणि आवाज लोकांपर्यंत स्पीकरमधून जातोय, तिथे समोरचा माइक गायकाला नाही तर स्पीकरला रेकॉर्ड करतो. साउंडवाल्याकडून मिक्सरची लाइन घ्या, पण तीही एकटी पुरत नाही. जागा लहान असली की तबला तसाच ऐकू येतो म्हणून तो मिक्सरवर अगदी थोडा उघडलेला असतो, त्यामुळे घरी ऐकताना गायक कानात ओरडतोय आणि तबला रुसलाय असं वाटतं. म्हणून लाइन आणि जोडी दोन्ही घ्यायचं. जोडी स्टेजपासून दहा मीटरवर असली तर ती साधारण 29 मिलिसेकंद मागे पडते, ती पुढे सरकवायची नाहीतर सम दोनदा पडते.

‘डायनॅमिक भाषणाला.’ 58 चा भाऊ एसएम 57, तोही डायनॅमिक, आला 1965 साली आणि तेव्हापासून तो स्नेअर ड्रमच्या आणि गिटारच्या अँपच्या तोंडाशी मार खातोय, भाषण कसलं. तबल्याला मी तोच लावतो, दायाँवर एक, डग्ग्यावर एक, वरून साधारण वीतभर अंतरावर. ह्याहून जवळ गेलात तर डग्गा नुसता ढुमढुम करतो, कारण दिशा धरणारा कुठलाही माइक जवळून खर्ज फुगवतो. आणि वादक हाताला पावडर लावतात ती सगळी जाळीवर येऊन बसते, कार्यक्रमानंतर माइक भस्म लावल्यासारखा दिसतो, हे कुठल्या मेसेजमध्ये लिहीत नाहीत. 57 ला ते सोसतं, महाग कंडेन्सर तिथे ठेवायला माझा जीव होत नाही.

खरं म्हणजे मी माइक निवडतो तो त्याने काय ऐकू नये हे बघून. कार्डिऑइड बरोबर पाठीमागून बहिरा असतो, म्हणून मॉनिटर (गायकाकडे तोंड केलेला स्पीकर) त्याच्या पाठीशी. सुपरकार्डिऑइड, म्हणजे त्याचाच समोर अरुंद ऐकणारा भाऊ, मागून थोडं ऐकतो, त्याची बहिरी जागा समोरून मोजून 126 अंशांच्या आसपास, तिथे मॉनिटर तिरका पाहिजे. हे उलटसुलट झालं की शिट्टी वाजते आणि शिव्या साउंडवाल्याला. हार्मोनियमला भात्याची फुसफुस चुकवून वरून, बासरीला फुंकेच्या झोतात न ठेवता जरा वर आणि बाजूला, दोन्हीला साधा माइक चालतो.

फँटमने जळण्याचं म्हणाल तर फँटमचे 48 व्होल्ट आवाज नेणाऱ्या दोन्ही पिनांवर सारखे येतात, कॉइलच्या दोन टोकांत फरकच नाही तर करंट वाहणार कुठून? केबल बरोबर जोडलेली असेल तर डायनॅमिकला काही होत नाही. रिबन माइक (आत धातूची पातळ पट्टी असलेला) असेल आणि केबलचं डाखणं गडबडीचं असेल तर मात्र सांभाळा.

आणि एआय. पंख्याची घरघर काढायला दिली की तानपुरा पण जातो. सतत एकसारखा चालणारा आवाज म्हणजे नॉइज असं त्या सॉफ्टवेअरला वाटतं, आणि तानपुरा दुसरं काय करतो? जातो तोही अर्धवट, गायिका थांबली की गायब, ती गायला लागली की तिच्या सुरामागे पाण्यात बुडबुडे आल्यासारखा परत येतो. देवळातल्या त्या रेकॉर्डिंगवर मी हे करून बघितलंय. तानपुरा होता तेवढाही गेला, चिवड्याची पुडी आहे तिथेच आहे.