अनंत हप्त्यांची शेपटी किती जड?

कायम येत राहणाऱ्या हप्त्यांची आजची किंमत काढण्यावरच्या माझ्या लेखाला आलेली तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचा आक्षेप असा: माणूस अमर नाही, कंपनी अमर नाही, मग हप्ते अनंत काळ येत राहतील असं धरून काढलेली किंमत खोटीच. यातला काही भाग मला पटतो, पण तुम्ही बोट भलत्याच जागी ठेवलंय.

व्याजदर ८ टक्के धरा आणि दर वर्षअखेरीस १०० मिळणार म्हणा. पहिल्या हप्त्याचं आजचं मूल्य, म्हणजे तेव्हा १०० व्हावेत म्हणून आज व्याजाने ठेवावी लागणारी रक्कम, १०० भागिले १.०८, दुसऱ्याचं १०० भागिले १.०८ चा वर्ग, असं पुढे. प्रत्येक पद मागच्या पदाच्या जितक्या पट असतं ते गुणोत्तर एकापेक्षा लहान, म्हणून सगळ्यांची बेरीज १०० भागिले ०.०८, म्हणजे १२५०. आता तुमचं ऐकून शंभर वर्षांनी हप्ते थांबवू. कमी किती होतात? फक्त ०.५७. शंभर वर्षांपलीकडची अख्खी अनंत शेपटी मिळून एकालाही पोचत नाही! तिसाव्या वर्षीच थांबवलं तरी ११२५.७८ हातात राहतात, म्हणजे ९० टक्के.

आणि हा ११२५.७८ चा आकडा मी तीस पदांची बेरीज करून काढलेला नाही. आजपासूनच्या अनंत हप्त्यांचे १२५०, त्यातून तीस वर्षांनी सुरू होणाऱ्या अनंत हप्त्यांचं आजचं मूल्य १२४.२२ वजा केलं, इतकंच. गृहकर्जाच्या ईएमआयचं सूत्र याच वजाबाकीतून येतं. कर्ज वीस वर्षांत फिटतं, तरी त्याचा हिशेब अनंताच्या आधाराने सोपा होतो. मला या विषयाचं प्रेम आहे ते मुख्यतः यासाठी.

न संपणारे रोखे प्रत्यक्षात नसतात, हेही तुम्ही लिहिलंय. नेदरलँड्समध्ये लेक नदीचा बांध सांभाळणाऱ्या मंडळाने १६४८ साली काढलेला एक रोखा येल विद्यापीठाकडे आहे. २०१५ मध्ये त्यावरचं बारा वर्षांचं व्याज मिळालं, १३६.२० युरो. ब्रिटनचे कॉन्सोल, म्हणजे परतफेडीची तारीख नसलेले सरकारी रोखे, अठराव्या शतकात सुरू झाले आणि शेवटचे २०१५ मध्ये सरकारने पैसे देऊन परत घेतले. व्याजदर मात्र मधल्या काळात घटवले गेले, तेव्हा अनंताचा करारही जसाच्या तसा राहत नाही, हे मान्य.

तुमचा संशय खरा ठरतो तो वाढत्या हप्त्यांपाशी. हप्ते म्हणजे शेअरवरचा लाभांश, पहिला १०० चा, आणि तो दरवर्षी ५ टक्क्यांनी वाढत राहील असं धरलं की भाजक ०.०८ वजा ०.०५ होतो आणि उत्तर ३३३३. इथे गुणोत्तर साधारण ०.९७ आहे, पदं हळूहळू लहान होतात, आणि ४३ टक्के किंमत तीस वर्षांच्या पलीकडे जाऊन बसते. शेपटी इथे जड आहे. वाढ ८ टक्के धरली तर बेरीजच उरत नाही. ९ टक्के घालून कोणी सूत्र चालवलं तर उणे १०,००० येतं, कारण एकापेक्षा मोठ्या गुणोत्तराला ते सूत्र लागूच नाही. म्हणजे धोका अनंतात नाही, तो व्याजदर आणि वाढीचा दर यांच्यातल्या चिंचोळ्या फरकात आहे, आणि तो फरक आपण अंदाजाने ठरवतो.

मूळ लेखात ५ टक्के वाढ एका वाक्यात गृहीत धरून मी पुढे गेलो, ते बरोबर झालं नाही. आज तिथे ४, ५ आणि ६ टक्क्यांची उत्तरं शेजारीशेजारी टाकतो: २५००, ३३३३ आणि ५०००.