मान्सूनची टक्केवारी पाहून केळी वाचत नाही

एप्रिलच्या मध्याला हवामान खात्याचा मान्सूनचा पहिला अंदाज आला की सगळ्या ग्रुपवर एकच आकडा फिरतो. २०२५ मध्ये आधी १०५ टक्के, मग मेअखेर १०६. भाऊ, हा आकडा अख्ख्या देशाचा आणि जून ते सप्टेंबर अशा चार महिन्यांचा आहे, तोही ८७ सेंटिमीटर सरासरीच्या तुलनेत. एप्रिलच्या अंदाजात पाच टक्के वर-खाली धरलेलेच असतात. जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावलच्या केळीला वारा कधी झोडपेल, ते त्यात शोधू नका. आणि कोरडवाहू कपाशी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय लावायची नाही, टक्केवारी काहीही येवो.

केळी आडवी करतो तो मान्सूनच्या आधीचा वारा. मृगबागेचे, म्हणजे जून-जुलैत लावलेल्या केळीचे, घड मे-जूनमध्येच कापणीला येतात. मुळं उथळ, खोड म्हणजे पानांच्या देठांची गुंडाळी, आणि वर वीस-पंचवीस किलोचा घड. त्यात जमीन ओली असली की झाड मुळासकट उपटतं. कोरड्या जमिनीत ते बऱ्याचदा मधूनच मोडतं.

म्हणून रोज बघायचा तो जिल्ह्याचा पाच दिवसांचा इशारा. आपल्या खानदेशचे तिन्ही जिल्हे, जळगाव, धुळे आणि नंदुरबार, हवामान खात्याच्या मध्य महाराष्ट्र उपविभागात मोडतात. इशाऱ्याच्या रंगापेक्षा खालचं वाक्य वाचा: वारा ताशी ३० ते ४० किलोमीटर की ५० ते ६०? निसवलेल्या, म्हणजे घड बाहेर पडलेल्या, बागेला ताशी ५० चा 'यलो' (पिवळा इशारा) सुद्धा पुरे होतो. त्यानंतर येतो पुढच्या तीन तासांचा तातडीचा इशारा. तेवढ्या वेळात ठिबक बंद होईल, मोटारीचा स्टार्टर पाडता येईल, जनावरं झाडाखालून हलवता येतील. बांबू लावून होणार नाहीत.

टेकूचं काम निसवण सुरू झाली की लगेच. प्लॅस्टिकची पट्टी घडाच्या वर, खोडाच्या गळ्याशी बांधायची, घड झुकलाय त्याच्या उलट दिशेला ओढायची आणि दुसरं टोक शेजारच्या झाडाच्या बुंध्याला, जमिनीपासून वीतभर उंचीवर. बरेच जण गळ्याला गळा बांधतात; मग एक झाड पडताना दुसऱ्याला घेऊनच जातं. बांबू लावणार असाल तर दोन बांबूंची कैची करा, पण फण्यांना घासू देऊ नका. काळे डाग पडले की व्यापारी भाव पाडतो. बुंध्याला मातीची भर हवीच. बागेच्या पश्चिमेला आणि दक्षिणेला शेवरी किंवा गजराज गवत लागवडीबरोबरच लावलेलं असावं. मे महिन्यात आठवून उपयोग नाही.

गोठ्याचे पत्रे वारा खालून उचलतो. वर दगड ठेवून भागत नाही, उलट तेच उडून लागतात. पत्र्यांचे आकडे (हुक) घट्ट करा, झिजलेले वायसर बदला, पश्चिमेची उघडी बाजू बंद करा. पडणाऱ्या विजेसाठी दामिनी ॲप ठेवा: २० आणि ४० किलोमीटरच्या टप्प्यातली वीज दाखवतं. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास वावरात जाऊ नका.

आणि फळपीक विमा असेल तर वाऱ्याच्या नुकसानीची सूचना ७२ तासांत, फोटोसह. पंचनाम्याची वाट बघत बसलात तर मुदत गेली. वाऱ्याचा वेग मात्र महसूल मंडळातल्या हवामान केंद्रावर मोजतात, तुमच्या बांधावर नाही. वादळाचा पट्टा कधीकधी दोन-तीन किलोमीटरचाच असतो, केंद्र त्याच्या बाहेर राहिलं तर बाग झोपली तरी नोंद होत नाही. गावागावांत वेगमापक बसवा, ही मागणी ग्रामसभेच्या ठरावात लिहून घ्या.