‘इज’ची जागा ‘वॉज’ने घेतली

मी 7 वर्षे जिथे स्कूटर लावतो ती जागा नकाशात शेजाऱ्यांच्या नावावर निघाली, म्हणून सोसायटीच्या समितीने परवा माझ्याकडे लेखी खुलासा मागितला. समितीत सगळे मराठी असूनही खुलासा इंग्रजीतच हवा होता. मी लिहिले, ‘आय थॉट दॅट धिस प्लेस इज माइन.’

बँकेतून निवृत्त झालेल्या सेक्रेटरीकाकांनी जिन्यातच खिशातून लाल पेन काढून ‘इज’भोवती गोल केला आणि वर ‘वॉज’ लिहिले.

“‘थॉट’ भूतकाळ, म्हणून पुढचे क्रियापदही भूतकाळात.”

“पण काका, त्याने जागा माझी होती, आता नाही, असा अर्थ होईल.”

“मुळीच नाही. जागा आज कोणाची, याबद्दल ‘वॉज’ काहीच बोलत नाही. वर्तमानकाळ ठेवता येतो, पण तो पृथ्वी सूर्याभोवती फिरते अशा त्रिकालाबाधित सत्याला. तुमचे पार्किंग त्रिकालाबाधित आहे काय?”

“नाय हो काका,” रिकामी किटली घेऊन उभा असलेला दूधवाला मध्येच म्हणाला, “टँकर आला की यांची गाडी हलवावीच लागते.”

काकांनी त्याच्याकडे वर्गातल्या हुशार मुलाकडे पाहावे तसे पाहिले.

मराठीत ‘मला वाटले, जागा माझी आहे’ असे म्हटले की वाटणे मागे पडते, पण ‘आहे’ जागचे हलत नाही, कारण तेव्हा मनात जे होते तेच आपण जसेच्या तसे सांगतो. इंग्रजीत मात्र पहिल्या क्रियापदाने रिव्हर्स टाकला की त्याच्या मागून येणाऱ्यालाही टाकावा लागतो. आणि त्रिकालाबाधित सत्याचे म्हणाल, तर प्लूटो हा ग्रह आहे असे आमच्या गुरुजींनी सांगितले होते, आणि ते वाक्य नियमानुसार वर्तमानकाळातच शोभत होते. 24 ऑगस्ट 2006 रोजी प्रागमध्ये खगोलशास्त्रज्ञांनी मतदान घेतले आणि त्याची जागा गेली. सभा आणि मतदान म्हटले की माझ्या पोटात गोळा येतो तो उगाच नाही.

अखेर मी ‘वॉज’वर सही केली. संध्याकाळी तो कागद फलकावर लागला, आणि तो बोटाने वाचत शेजारी मला म्हणाले, “बरे झाले, जागा तुमची होती, हे तुम्हीच लिहून दिलेत.”

मी काकांकडे पाहिले. काका शेजाऱ्यांच्या स्कूटरला जागा करून देत होते.