वाढत्या अंगाचा ब्लेझर

‘बिझनेस कॅज्युअल कपड्यांत यावे’ असा मेल आला की घाबरू नका. ज्याने तो लिहिला त्यालाही त्याचा अर्थ ठाऊक नसतो. आपण सोयीचा अर्थ लावू: बिझनेस कमरेच्या वर, कॅज्युअल कमरेच्या खाली. वर टाय, खाली सहा खिशांची पँट.

याला आधार काय, असं कुणी विचारलं तर इतिहास ऐकवा. अमेरिकेतल्या ऑफिसांत शुक्रवारी सूट नको अशी टूम निघाली आणि लोक वाटेल ते घालून येऊ लागले. तेव्हा १९९२ मध्ये लेव्ही स्ट्रॉस कंपनीने एचआरवाल्यांना एक पुस्तिका पाठवली: कॅज्युअल म्हणजे नेमकं काय घालायचं. हीच कंपनी १९८६ पासून डॉकर्स नावाने खाकी पँटी विकत होती, हा निव्वळ योगायोग समजा. पँटवाल्याने पँटीचे नियम लिहिले ते जगाला चालले, मग तुमचे का चालू नयेत?

ब्लेझर मात्र वाढत्या अंगाचा घ्या. वय ४२ असलं म्हणून काय झालं, वाढ अजून चालूच आहे, फक्त दिशा बदललीय. खांद्याची शिवण खांद्याचं हाड संपतं तिथे बसावी म्हणतात. तुमची खुशाल दंडावर उतरू द्या. बाही आखूड करता येते, कंबर आत घेता येते, पण खांदा नीट करायचा म्हटलं की शिंपी कपाळाला हात लावतो. तेव्हा चूक करायची तर खांद्यातच करावी. बाकीच्या चुका काय, कुणीही दुरुस्त करून टाकेल.

ब्लेझरच्या मागच्या कापावर फुलीसारखे दोरे घातलेले असतात. विकला जाईपर्यंत कापड फाकू नये म्हणून मारलेले हे कच्चे टाके घरी आणल्यावर कापायचे असतात म्हणे. कापू नका. बाहीवरची ब्रँडची पट्टीही उसवू नका. नवा आहे हे लोकांना कळणार कसं? (माझे टाके दोन वर्षं टिकले. शेवटी लिफ्टमध्ये एका अनोळखी बाईंनी कानात सांगितलं.) बटणं सगळी लावा. सातव्या एडवर्ड राजाचं पोट सुटलं म्हणून खालचं बटण उघडं ठेवायची रीत पडली, अशी आख्यायिका आहे. राजाला जमलं नाही ते तुम्ही करून दाखवा. श्वास काय, संध्याकाळी घरी जाऊन घेता येतो.

शर्टाला इस्त्री कॉलरपुरती पुरे, बाकी ब्लेझरखाली झाकतं. एसी बंद पडला तरी ब्लेझर काढायचा नाही, एवढं पथ्य पाळा. मागेपुढे लांब, गोलाईत कापलेला शर्ट खोचण्यासाठी शिवलेला असतो आणि सरळ कडेचा बाहेर सोडण्यासाठी. तुम्ही उलट करा. ठरवताच येत नसेल तर पुढून इन, मागून आउट. दोन्ही बाजूंचा मान राहतो.

मोजे पांढरे, जिमचे.

बुटांना पॉलिश फक्त पुढून. झिजलेली टाच पाहणारा माणूस तुमच्या मागे असतो, आणि तो जे काही बोलतो ते बाकी सगळ्यांनाच ऐकू येतं.