हिटलरच्या शिल्पकाराला शिक्षा काय झाली? १०० मार्क दंड!

"युद्ध संपल्यावर जर्मनीने हिटलरच्या शिल्पकारांना तुरुंगात टाकलं, माणसांचे पुतळे करणंच बंद केलं आणि योझेफ बॉइस या कलाकाराला पुढे आणलं, ज्याला युद्धात विमान पडल्यावर क्रिमियातल्या तातार लोकांनी चरबी लावून, फेल्टमध्ये (लोकरीच्या जाड कापडात) गुंडाळून वाचवलं होतं" असा मेसेज सगळीकडे फिरतोय. माझी भाची शिल्पकला शिकते, तिने तो जसाच्या तसा सेमिनारमध्ये घातलाय, म्हणून लिहितोय.

तुरुंगाचं आधी, कारण हे नुसतं चूक नाही, घातक आहे. अर्नो ब्रेकर, हिटलरचा सगळ्यात लाडका, ज्याचे दोन नागडे पहिलवान राइश चॅन्सेलरीच्या, म्हणजे हिटलरच्या सरकारी कार्यालयाच्या अंगणात उभे होते, त्याला १९४८ मध्ये 'नुसता प्रवाहाबरोबर गेलेला' ठरवून १०० मार्क (तेव्हाचं जर्मन चलन) दंड केला. संपलं. पुढे ड्युसेलडॉर्फमध्ये स्टुडिओ थाटून बड्या लोकांचे अर्धपुतळे करत १९९१ पर्यंत जगला. बरं, तो एकटा नाही. १९४४ च्या नाझी यादीतले खास कलाकार युद्धानंतर काय करत होते यावर बर्लिनच्या जर्मन ऐतिहासिक संग्रहालयाने २०२१ मध्ये अख्खं प्रदर्शन भरवलं होतं, ते बघा जरा. त्या यादीतला रिखार्ड शायबे घ्या. हिटलरला मारायचा कट फसल्यावर त्या कटातला लष्करी अधिकारी श्टाउफेनबेर्ग याला बर्लिनच्या ज्या अंगणात गोळ्या घातल्या, तिथेच १९५३ मध्ये स्मारक म्हणून हात बांधलेल्या तरुणाचा ब्राँझ पुतळा बसवला, आणि तो केला कोणी, तर याच शायबेने! तुरुंगात गेलेला शिल्पकारच हवा असेल तर हान्स उलमान आहे, पण त्याला १९३३ मध्ये आत टाकलं ते नाझींनी.

बॉइसचं विमान १६ मार्च १९४४ ला क्रिमियात पडलं, हे खरं. पण दुसऱ्याच दिवशी तो जर्मन लष्करी हॉस्पिटलमध्ये दाखल झाल्याची नोंद आहे, ७ एप्रिलपर्यंत तिथेच होता. तातारांची गोष्ट त्याने स्वतः रंगवून सांगितलेली.

राहिलं पुतळ्यांचं. पश्चिम जर्मनीत अमूर्त, म्हणजे माणसं-वस्तू हुबेहूब न दाखवणाऱ्या कामाला जास्त मान मिळाला, कासेलच्या डॉक्युमेंटा या आधुनिक कलेच्या मोठ्या प्रदर्शनात तर दिसतंच, एवढं मान्य. पण बंद? शिल्पकार गेरहार्ड मार्क्सने १९५० च्या दशकाच्या सुरुवातीलाच हँबुर्गच्या ओल्सडॉर्फ दफनभूमीत बॉम्बहल्ल्यातल्या मृतांसाठी नावेतून जाणारी माणसं कोरली. आणि पूर्व जर्मनीत फ्रिट्झ क्रेमरने १९५८ मध्ये बुखेनवाल्डला, म्हणजे जिथे नाझींची छळछावणी होती तिथे, कैद्यांचा अकरा जणांचा ब्राँझ समूह उभा केला, त्यात एक पोरगाही आहे, एक जण कोसळतोय. ही माणसं नाहीत तर कोण आहेत?